क्रमांक नसलेला ठिपका

हवाई वाहतूक नियंत्रकाचं मन पोलादाचं असतं आणि त्याच्या एका शब्दावर शेकडो कुटुंबांचं सुख तोललेलं असतं, असं भरती-पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापलं होतं. त्या सकाळी तिच्या शब्दावर एक बाथरूम आणि तीन माणसं तोललेली होती.

“दोन-सात, बाथरूम मोकळं. जा.”

“दोन-सात, बाथरूम मोकळं, जाते,” वहिनीने टॉवेल खांद्यावर टाकत म्हटलं. मिळालेला आदेश परत म्हणून दाखवायचा, असा घरात नियम होता. “आणि वन्सं, दूध उतू चाललंय. त्याचा नंबर काय?”

“त्याला थांबायला सांगा.”

“ते माझंही ऐकत नाही.”

ती एकोणतीस वर्षांची होती. रुग्णालयाच्या खिडकीत बसून टोकनचे आकडे पुकारत असे. आवाज स्वच्छ, आकडा पाठ. नियंत्रकाच्या परीक्षेत बाकी सगळं तिला जमायचं. अडायचं ते पडद्यावरच्या चाचणीत. काळ्या पडद्यावर क्रमांक लिहिलेले बारा पांढरे ठिपके फिरत, ही विमानं. वीस मिनिटांत, एकमेकांवर आपटू न देता, निदान दहा उतरवायची. पहिल्या खेपेला तिची दोन विमानं आपटली, दुसऱ्या खेपेला चार. प्रगती होती, फक्त उलट्या दिशेने. पुढच्या भरतीपर्यंत ती तीस ओलांडणार होती आणि तीसनंतर अर्ज घेत नसत. म्हणजे ही शेवटची खेप.

म्हणून घराचा विमानतळ झाला होता आणि माणसांना विमानांचे क्रमांक मिळाले होते. आईने मात्र उडायला साफ नकार दिला. “मी धावपट्टी होते. नाहीतरी सगळे माझ्याच अंगावर उतरतात.”

बाबा चार-एक होते. निवृत्त होईपर्यंत एकतीस वर्षं बस डेपोत वाहतूक नियंत्रक. त्यांच्या शिट्टीशिवाय एकही बस फाटकाबाहेर पडली नव्हती. आता हुकूम पाळायची पाळी त्यांच्यावर आली होती आणि ते तो भलत्याच निष्ठेने पाळत.

“चार-एक, नाश्त्याला जागा नाही. टेबलाभोवती घिरट्या घाला.”

“चार-एक, घिरट्या घालतो.”

तेवढ्यात रुग्णालयातून फोन आला. टोकनचं यंत्र बिघडलं होतं. फोन ठेवल्यावर समोर सराव-प्रश्नांची वही उघडी होती. तिने म्हटलं, एवढं पान संपवू. पानामागून पान गेलं. स्वयंपाकघरातून खुर्ची पडल्याचा आवाज आला तेव्हा चाळीस मिनिटं होऊन गेली होती.

बाबा जमिनीवर बसले होते. शर्ट घामाने चिंब, ओठ पांढरे. सकाळची मधुमेहाची गोळी घेतलेली आणि पोटात अन्नाचा कण नाही.

“अहो, भूक लागली तर बसायचं ना!” आई साखरपाण्याचा पेला त्यांच्या तोंडाला लावत ओरडली.

“परवानगी नव्हती,” बाबा म्हणाले.

ती दारात खांबासारखी उभी. अर्ध्या तासाने बाबांच्या चेहऱ्यावर रंग आला, तेव्हा त्यांनी तिला जवळ बोलावलं.

“रडू नकोस. एक लक्षात ठेव. चालत्या गाडीकडे सगळ्यांचं लक्ष असतं. उभी करून ठेवलेली विसरायची नाही. या धंद्यात एवढंच असतं, बाकी सगळी रंगरंगोटी.”

तिने ते वहीत लिहिलं नाही. त्याची गरजच उरली नव्हती.

परीक्षेला बाबा सोबत आले. “इथंच थांबा,” असं बाहेरच्या व्हरांड्यात सांगून ती आत गेली. दालनात नव्या रंगाचा वास कोंडला होता. कोपऱ्यात एक शिडी उभी होती. पर्यवेक्षकाने सूचना वाचली: “क्रमांक नसलेलं विमान दिसल्यास त्याचा संपर्क तुटला आहे असं समजा. त्याला हलवता येणार नाही. इतरांना त्याच्यापासून दूर ठेवा.”

पडदा काळा झाला. ठिपके निघाले. पाचव्या मिनिटाला तिला तो दिसला: धावपट्टीच्या तोंडाशी, पांढरा, क्रमांक नसलेला. हलत नव्हता.

जवळचा रस्ता त्याच्यावरूनच जात होता. तिने पहिलं विमान लांबून वळवून आणलं. दुसरंही. शेजारचा उमेदवार भराभर उतरवत होता; त्याच्या बटणांचा टकटकाट तिच्या कानात शिरत होता. आठ उतरली, चार मिनिटं उरली. नववं उतरलं तेव्हा दीड मिनिट होतं. दहावं सरळ आणलं तर पोचणार होतं, पण सरळ म्हणजे त्या ठिपक्यावरून. तिचं बोट बटणावर टेकलं. तिला बाबांचा ओला शर्ट दिसला. तिने दहावं लांबून वळवलं.

वेळ संपली. पडदा एकदम पांढराशुभ्र झाला आणि अक्षरं उमटली. टकरी: शून्य. उतरलेली विमानं: नऊ. निकाल: अपात्र.

बाबा व्हरांड्यात त्याच फरशीवर उभे होते. बाक रिकामा होता.

“किती?”

“नऊ.”

“हं. कोणी आपटलं?”

“कोणी नाही. एक बिननंबरचं उभं होतं, बाबा. शेवटपर्यंत कुणाला त्याच्या जवळ जाऊ दिलं नाही.”

बाबांनी शर्टाची वरची गुंडी लावली. निवृत्तीच्या निरोपसमारंभातही ते इतके ताठ उभे राहिले नव्हते.

“चार-एक, रस्ता मोकळा. घरी चला.”

“चार-एक, घरी चाललो.”

आत पुढच्या तुकडीसाठी पडदे पुसणं चालू होतं. तिच्या जागेवर शिपायाला फडका पुरला नाही. पडद्यावरचा पांढरा ठिपका नखाने खरवडावा लागला. छताला गेल्याच आठवड्यात पांढरा रंग दिला होता.