मोटारसायकलची खांदेमळणी

मी शर्यतीची मोटारसायकल. वय विचारू नका, बाईला वय विचारत नसतात. जन्म विलायतेतला. पोलीस ॲक्शननंतर एक फौजी साहेब मला औरंगाबादेत घेऊन आला आणि बदली झाल्यावर इथंच टाकून गेला. पुढं कितीतरी वर्षं माझ्या सीटवर कोंबड्या झोपल्या. शेवटी उस्मानपुऱ्यातल्या बन्सी मिस्त्रीनं मला भंगारातून उचललं.

त्यानं माझं सगळं नीट केलं, पण क्लच जुनाच ठेवला. तेलात बुडालेला आणि दाबायला इतका जड, की अर्ध्या शर्यतीत त्याची बोटं आखडायची. आम्ही हरायचो. शेवटी त्याच्या बायकोनं, भागूबाईनं बजावलं, "ही पोळ्याची शर्यत हरलात तर गाडी इकायची. घरात दुसरं बोलणंच नाय ऱ्हायलं." बन्सी हो म्हणाला.

मग त्यानं नवा क्लच बसवला. हलका, दोन बोटांनी दबणारा, आणि कोरडा. त्याच्या प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात तेव्हाच जोर मागच्या चाकाला जातो. तेल लागलं की निसटतात. जन्मभर तेलात राहिलेली मी, मला तर काही सुचेनाच.

तेवढ्यात पिशोरहून बन्सीचे वडील आले, कडूबाअण्णा. त्यांची बैलजोडी म्हातारी होऊन गेली होती. पोळा तोंडावर आला तरी हाताला काम नाही. माझ्याभोवती फिरून ते म्हणाले, "हिचा सगळा भार कुठं येतो रं?"

बन्सीनं क्लच दाखवला.

"म्हंजे खांदा म्हण की."

"व्हय, खांदाच," बन्सी हसून म्हणाला. तिथंच घात झाला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद-तेल चोळतात. बन्सी बाजारात गेला होता, तेव्हा अण्णा वाटी घेऊन आले. नव्या क्लचच्या झाकणाला वाऱ्यासाठी जाळी आहे. तिच्यातून त्यांनी निवांत तेल सोडलं. "उद्या वढ गं माय," म्हणत मला थोपटलं. मी बोंब मारली असती, पण किक मारल्याशिवाय मला आवाज कुठला?

दुसऱ्या दिवशी पडेगावच्या माळावर झेंडा पडला. इंजिन गरजलं आणि मी जागच्या जागी. बाकीच्या गाड्या चिखल उडवत गेल्या. मला बाजूला ढकलत नेऊन बन्सीनं झाकण काढलं. प्लेटा पिवळ्याधमक. त्याची बोटंही पिवळी झाली.

भागूबाईनं गिऱ्हाईक सोबतच आणलं होतं. ते पुढं झालं, तसे अण्णा आडवे आले.

"इकायची नाय. काल म्या तिचा खांदा मळलाय. खांदा मळलेलं जनावर आपल्या दारातून जात नसतं. पळो का न पळो."

अण्णांना दिसू नयेत म्हणून बन्सीनं हात मागं लपवले. ज्यांनी हरवलं त्यांनीच ठेवून घेतलं, मी चक्रावूनच गेले. भागूबाईला मात्र ते पिवळे हात दिसले होते. तिनं हसू दाबत पदर तोंडाला लावला आणि गिऱ्हाइकाला वाटेला लावलं.

"ऱ्हाऊ द्या मग," ती म्हणाली. "पर मामंजी, पुढल्या साली हँडलाला मळा. खांदा तिथं असतोय."

अजून मी उस्मानपुऱ्यातच आहे. पोळा जवळ आला की जीव धडधडतो. तुम्ही त्या दिवसांत इकडं आलात, तर अण्णांना तेवढं हँडल दाखवा.