उतरव माय

पालमच्या मठात सोमवारचं शिवकीर्तन म्हटलं की शिवमूर्ती दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढूनच निघायचा. गिऱ्हाईक थांबलं तरी चालेल, पण महाराजांचा पहिला अभंग चुकता कामा नये. लेक ईश्वरीलाही त्यानं लहानपणापासून मांडीवर बसवून कीर्तनं ऐकवली होती. मृदंगाचा ठेका चुकला की ती पोर झोपेतही कूस बदलते, असं तो कौतुकानं सांगे.

ती ईश्वरी शिकायला इंग्लंडला निघाली तेव्हा पुतण्या महांतेशनं तिला समजावलं. तो तिकडं दोन वर्षं राहून आला होता. गेल्या गेल्या डॉक्टरकडं नाव नोंदव, दुखलंखुपलं तर अंगावर काढू नको, विद्यापीठात पोरांची अडचण ऐकणारी माणसं असतात, त्यांच्यापाशी बोलायला लाजू नको. आपल्या धर्माची काही अडचण आली तर तीही सांग, ते वाट काढतात. शिवमूर्तीनं सगळं ऐकलं आणि मान हलवली. पण त्याच्या मनात भीती निराळीच होती. परक्या मुलखात लेक आपल्यातली राहील का?

म्हणून निघायच्या आदल्या सोमवारी, कीर्तन संपल्यावर, त्यानं तिला भर मठात उभं केलं. तिच्या गळ्यातल्या चांदीच्या डबीत लिंगायतांचं इष्टलिंग होतं. डबीवर हात ठेवून तिनं म्हणावं, जीव गेला तरी हे गळ्यातून उतरवणार नाही. ईश्वरी तसं बोलली. लोकांनी हरहर महादेव केलं. तिच्या आईनं, भागम्मानं, पदर डोळ्यांना लावला. धर्मानं एवढं मागितलं नव्हतं. रोज सकाळी शिवमूर्ती स्वतःच लिंग डबीतून काढून डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायचा. पण लेकीच्या मायेपोटी बापानं धर्माच्या पुढं एक पाऊल टाकलं, आणि त्या पावलाचं त्याला त्या वेळी लय समाधान वाटलं.

फेब्रुवारी सरता सरता महांतेश परभणीहून एसटीनं आला आणि थेट दुकानात येऊन पोत्यावर बसला. चहा नको म्हणाला.

"काका, ईशाचा डावा कान गेलाय."

एके सकाळी उठली तर त्या कानात नुसती शिट्टी वाजत होती, बाकी काही ऐकू येत नव्हतं. विद्यापीठातल्या डॉक्टरनं तिला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. डोक्याचा फोटो काढायचं ठरलं. ते यंत्र म्हणजे मोठं लोहचुंबक, अंगावर धातू चालत नाही. गळ्यातलं काढून कपाटात ठेवा, असं नर्सनं सांगितलं. ईश्वरी उठली आणि बाहेर पडली. नंतर दवाखान्यातून फोन आले, ते तिनं उचलले नाहीत. औषध सुरू व्हायचं होतं, तेही राहिलं. याला महिना होत आला होता.

"मला कसं न्हाई सांगितलं तिनं?"

"तुमालाच कसं सांगल? शपथ तुमीच घातली ना, काका."

शिवमूर्तीनं तिथंच फोन लावला. तिकडून "अप्पा" म्हणणारा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. आपण किती मोठ्यानं बोलतोय हे तिला कळत नव्हतं.

"उतरव माय."

"सगळ्यांसमोर बोलले मी, अप्पा. कपाटात ठेवू का देवाला? कुलूप लावून?"

"कपाटात नको. तुझ्याजवळ कोण हाय?"

शेजारच्या खोलीत ग्रेस होती, केनियाची. तीच रोज दार वाजवून जेवलीस का म्हणून विचारायची.

"पण ती मटण खाती, अप्पा."

शिवमूर्तीनं उभा जन्म परक्याच्या घरचं पाणी पिताना दहादा विचार केला होता.

"तिला हात धुवायला सांग," शिवमूर्ती म्हणाला. "आन् तळहातावर दे. तुझी तपासणी होईस्तोवर धरून बस म्हणावं. देवाला काय सांगायचं ते मी सांगतो."

ग्रेस दवाखान्याच्या बाकावर दोन्ही हातांची ओंजळ करून बसली. शेजारच्या बाईशी बोलायलाही तिनं मान वळवली नाही. तपासणीत डोक्यात गाठबीठ निघाली नाही. औषधंही झाली. पण डॉक्टर म्हणाले, त्यांचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच होतो. आता आहे ते आहे.

भागम्मानं त्या दिवशी चूल पेटवली नाही. शिवमूर्तीला काही सुचेना. त्यानं सोमवारचं कीर्तन फोनवर भरून लेकीला पाठवलं. जिवाला बरं वाटेल, एवढंच त्याच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. अभ्यास चालू आहे म्हणाली. वर्गात पुढं बसायची सोय करून दिलीय, ग्रेस सोबत असते.

"अप्पा, कीर्तन नका पाठवू. उजव्या कानानं ऐकते, पण डाव्यातली शिट्टी त्याच्यात घुसते. महाराजांचा आवाज फुटल्यावानी वाटतोय. मला ते तसं ऐकायचं न्हाई."

"बरं माय. न्हाई पाठवत."

पुढच्या सोमवारी शिवमूर्ती मठात गेला, नेहमीच्या खांबाजवळ बसला. महाराजांनी अभंग उचलला, मृदंग घुमला. शिवमूर्तीनं डाव्या कानात बोट घातलं आणि ते घट्ट दाबून धरलं. शेजारच्या महारुद्रनं खालच्या आवाजात विचारलं, कान दुखायलाय का?

शिवमूर्तीनं नाही म्हणून मान हलवली. कीर्तन संपेपर्यंत त्यानं बोट काढलं नाही.