लाडवांच्या डब्यासमोरचा आरसा

मित्रांनो, पारा उडालेल्या माझ्या कोपऱ्याकडे बघून नाक मुरडू नका. मी एक जुना आरसा आहे, पण ऐरागैरा नाही. निपाणीच्या सुताराने सागवानी चौकट कोरून मला तिच्यात बसवले आणि महादेवीच्या रुखवतातून मी कोल्हापूरला, मंगळवार पेठेत आलो. लग्नात पावणेमंडळी नवरी सोडून मलाच बघत होती.

पुढे घरात आरशाचे लोखंडी कपाट आले. दार आपटले की त्याच्यातला माणूसही थरथरतो, असला तो आरसा. पण कौतुक त्याचे झाले आणि मला बाहेरच्या सोप्यातून काढून स्वयंपाकघरात दाराआड टांगले. तेव्हापासून मी कुणावर पटकन विश्वास ठेवत नाही.

सत्त्याण्णव साली महादेवीची सून शांभवी मानसशास्त्रात एम.ए. करत होती. शनिवारी तिला वर्गापुढे एक लेख मांडायचा होता: त्यात काय म्हटले आहे, ते कितपत पटते आणि कुठे लंगडे पडते. नेमके त्याच आठवड्यात डब्यातले शेंगदाण्याचे लाडू कमी होऊ लागले. महादेवीला साखरेचा आजार, गोड बंद. मुलगा सोमेश बिद्रीच्या कारखान्यात, तो रविवारीच घरी येणार. मग उरले कोण?

"आमच्यात दाराआड खायची रीत न्हाय," महादेवी म्हणाली. "चोर गावंपर्यंत कॉलेज बंद."

"आत्ती, लेख मांडला न्हाय तर माझं वरीस बुडंल."

"बुडू दे. लाडू बुडालेच की."

शांभवी तरीही माझ्यासमोर उभी राहून तयारी करी. लेखात असे होते, की मुलांपुढे खाऊचे ताट ठेवले आणि समोर आरसा असला, तर ती कमी खाऊ उचलतात. मला संशयच आला. माझ्यापुढे माणसे प्रामाणिक होतात? मी तर त्यांना खोटे रडण्याचा सराव करताना पाहिले आहे.

महादेवी दाराशी उभी राहून ऐकत होती. "मग लाव की त्यो आरसा डब्याम्होरं. तुझंच तोंड दिसंल तुला."

शांभवीने मला तिथे टांगले. दुपारी शांभवी कपडे वाळत घालायला गेली आणि डब्यापाशी कोण आली? महादेवी. तिने एक लाडू फोडला, हुंगला, खाल्ला. "खवट झालाय का बघाय पायजे," असे पुटपुटली. तिच्या लेखी चव बघणे म्हणजे खाणे नव्हे. मग तिची नजर माझ्यावर गेली. "काय बघतोस रं?" म्हणत तिने माझे तोंड भिंतीकडे केले आणि दुसरा लाडू तपासला.

संध्याकाळी मी पाठमोरा दिसलो तेव्हा शांभवीच्या कपाळावर आठी आली. मग ती ओठ दाबून हसली. मला सरळ केले आणि पुन्हा लेख उघडला.

शनिवारी सकाळी महादेवी पुन्हा चव बघून गेली असती. लाडू तोंडात टाकून तिने मला फिरवायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. ओठाच्या कोपऱ्यात दाण्याचा कूट चिकटला होता. ती बघत राहिली. मग पदराने आधी मला पुसले, नंतर तोंड.

"शांभवी, जा कॉलेजला. चोर गावला."

"कोण, आत्ती?"

"तुला काय करायचंय? लेख मांड जा. आन् त्यो डबा वर ठेव, माझा हात पोचणार न्हाय असा."

शांभवी परतली ती खुशीतच. "मॅडम म्हणाल्या, उणीव बरोबर दाखवलीस. त्या लेखातल्या पोरांना आरसा फिरवायची मुभाच नव्हती."

महादेवीने डोळे बारीक केले. "वर्गात माझं नाव घेतलंस?"

"न्हाय. एक बाई, एवढंच म्हणलं."

"कंची बाई, म्हणून कुणी इचारलं न्हाय न्हवं?"

मित्रांनो, मी आता पुन्हा सोप्यात आहे. जुन्या आरशाला भिंतीकडे तोंड करून ठेवू नका, आणि दुसऱ्यावर बोट रोखण्याआधी त्याला एकदा पुसा. पण पुसाल तर सगळा पुसा. महादेवी रोज माझा एक कोपरा सोडते, नेमका स्वयंपाकघराचे दार दिसते तो, आणि तो का सोडते याबद्दल मला अजून संशय आहे.