तीन नंबरची चाल

यागोदा सर्ब होती. मित्रोवित्सा शहराच्या उत्तरेकडच्या सर्ब वस्तीतून इबार नदीवरचा पूल ओलांडून ती दक्षिणेकडच्या अल्बेनियन वस्तीत जायची आणि दोन्ही काठांवरच्या मुलींना बास्केटबॉल शिकवायची, तेही फुकट. उत्तरेकडचे शेजारी म्हणत, "हिला अल्बेनियन पोरींचा फारच पुळका!" ती कुणाला भीक घालत नसे.

त्या पोरींत बेसार्ता होती ना! बुटकी, तोंडाळ, आणि चेंडू हाती आला की कुणाच्या बापाला सापडायची नाही. "बाई, तुम्ही नुसती बोटं वर करा, बाकी मी बघते," असं ती यागोदालाच ऐकवायची.

सामन्यात गोंगाट फार, म्हणून चाली बोटांनी सांगायच्या. तीन नंबरची चाल म्हणजे अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. यागोदा लहानपणापासून तीन असेच दाखवत आली होती. युद्धात हीच तीन बोटं, सर्बांची विजयाची खूण म्हणून, नाचवत सर्ब सैनिक रणगाड्यांवरून याच अल्बेनियन गल्ल्यांतून गेले होते, हे तिच्या ध्यानीमनीही आलं नाही. इतकी वर्षं इथं राहून! याला काय म्हणावं?

शनिवारी बेसार्तानं त्याच चालीवर सामना जिंकून दिला. जिंकल्यावर तीच तीन बोटं दाखवत उंचावलेला तिचा हात कुणीतरी फोनवर टिपला आणि संध्याकाळपर्यंत तो फोटो गावभर झाला.

दुसऱ्या दिवशी यागोदा तिच्या घरी गेली. बेसार्ताच्या वडिलांनी, रुस्तेमनी, कॉफी पुढं केली.

"चूक माझी आहे हो. पोरीला काय ठाऊक?"

"मला कळतं ते, बाई. पण माझ्या भावाला त्या सैनिकांनी नेलं, तो अजून सापडलेला नाही. आईनं फोटो पाहिला. कालपासून ती नातीच्या हातचं पाणी घेत नाही."

"मी खुणा बदलते. हवं तर घसा फुटेस्तोवर ओरडून सांगते. पण तिला खेळू द्या."

"आई आहे तोवर नाही. आग्रह करू नका."

बेसार्ता दाराशी उभी होती. यागोदानं निरोपाचा हात पुढं केला. पोरीनंही केला, पण अंगठा आत घट्ट दाबून मूठ आवळलेली.

"बाई," ती हळूच म्हणाली, "मग तीन कसे दाखवायचे होते?"

यागोदानं ती मूठ दोन्ही हातांत धरली आणि तिथंच, रुस्तेमच्या उंबऱ्यावर, ढसाढसा रडली. मूठ काही उघडली नाही.