चिंधी बांधलेलं घोसाळं

मी बियाला राखलेलं घोसाळं बोलतोय. सध्या हिंजवडीत एका न्हाणीघरातल्या नळाला टांगलेला आहे. आत बी नाही, नुसती जाळी उरलीय. दुखत वगैरे काही नाही.

माझा वेल इथंच, या घरच्या तुळजाबाईंच्या शेताच्या बांधावर होता. रीत अशी, की वेलावरचं पहिलं देखणं फळ हेरून त्याला चिंधी बांधायची. मग त्याला कुणी हात लावत नाही. बाकीच्यांची भजी झाली, मी वाचलो म्हणायचं. पिकलेलं बी तुळजाबाई गावभर वाटायच्या. एखाद्या वर्षी त्यांचं गेलंच, तर शेजारची कौशल्या आणून द्यायची.

मग त्यांच्या मुलानं, रविराजनं, परदेशात भेंडी पाठवणाऱ्या एका कंपनीशी करार केला. अट अशी, की बांध साफ हवा. पेटीत एक किडा निघाला तरी सगळा माल परत. बांधावर किडे असतात, खरंय. मधमाश्याही असतात, पण त्यांच्याबद्दल नियमात काही नव्हतं.

रविराजनं कोयता घेतला.

"अरं, एवढं एक ऱ्हाऊ दे," तुळजाबाई म्हणाल्या.

"आई, माल परत आला तर कोण निस्तरणार?"

मी वाळत आलो होतो. मला तोडून त्यानं आईच्या हातात दिलं, वेल उपटला. तुळजाबाईंनी मला पडवीत टांगलं. त्या हंगामात अख्ख्या गावानं तसाच करार करून बांध साफ केले. कुणालाच घोर नव्हता. बी काय, तुळजाबाईंकडे असतंच की!

पेरणीआधी तुळजाबाई लेकीकडे नारायण पेठेत गेल्या. इकडे सून श्रद्धा ऑफिसातून दमून आली आणि मला बघून खूश झाली.

"अय्या, आईंनी अंग घासायला केलंय! टांगायला चिंधीपण बांधलीय!"

तिनं साल सोललं, बी केरात झटकलं. सकाळी घंटागाडी येऊन गेली. पोरगी वाईट नाही हो. चिंधीचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तुळजाबाई परतल्या, तशी कौशल्या दारात.

"अक्का, घोसाळ्याचं बी द्या की. आमचं बांधासंगं गेलं."

"हाय की!" म्हणत तुळजाबाई पडवीत गेल्या. मग शोधत न्हाणीत आल्या. मला कानाशी धरून हलवलं. पुन्हा हलवलं.

"कौशल्ये, दुसऱ्या कुणाकडं बघ."

"समद्यांकडं जाऊनच आले, अक्का."

तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बी गेलं की वाटणंही जात असावं.

तुळजाबाईंनी मला परत नळाला अडकवलं. चिंधी मात्र सोडली नाही. रोज कुणाची तरी पाठ घासतो.

तुम्हाला कुठे वेलावर चिंधी बांधलेलं फळ दिसलं, तर तेवढं सोडा.