कागदी मुंढ्यावरचे तीन शब्द

“मॅडम, हिचे निबंध घरी नक्की कोण लिहून देतं?”

प्रश्न विचारून भिंगरी खाली बसली. पैज जिंकली होती! मधल्या सुट्टीत चष्मीस आणि लंबू या दोघी मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं, “एरवी तोंडाचा पट्टा चालवतेस ना? भर वर्गात विचारून दाखव, मग मानू!” गेल्या वर्षापर्यंत हात वर करायलाही घाबरणारी ही मुलगी यंदा नुसती सुटली होती. तिला कुणी ‘तुझी हिंमत नाही’ म्हटलं की संपलंच.

प्रश्न होता शेवटच्या बाकावरच्या मौनीबद्दल. ती गरजेपुरतंच बोलायची, म्हणून मौनी. तीन महिन्यांपूर्वी दुसऱ्या शाळेतून आलेली. तिचा प्रवेशही कच्चाच होता. “इंग्रजी झेपतंय का ते तीन महिने बघू, मग ठरवू,” असं मुख्याध्यापिकांनी सांगितलं होतं, आणि ते तीन महिने या शुक्रवारी संपत होते. त्यात आज शाळांच्या इंग्रजी निबंध स्पर्धेसाठी झालेल्या चाचणीचा निकाल लागला होता. पहिली मौनी, दुसरी भिंगरी. शाळेतून जाणार मात्र एकच!

इंग्रजीच्या मॅडमनी मौनीचा पेपर पुन्हा उचलला. “खरं सांगायचं तर मलाही प्रश्न पडला होता,” त्या हळूच म्हणाल्या. “बाकी बहुतेकांनी ‘बिग ट्रॅफिक’ लिहिलंय, हिनं ‘हेवी ट्रॅफिक’. बहुतेकांनी वचन पाळायला ‘फॉलो’ वापरलंय, हिचं वाक्य आहे, ‘शी केप्ट हर प्रॉमिस.’ शब्दांच्या जोड्या इतक्या नेमक्या, की एखाद्या मोठ्या माणसाचा हात वाटतो. कोण मदत करतं गं तुला?”

“कुणी नाही. मीच लिहिते,” मौनी म्हणाली.

“आम्ही सगळे मूर्खच, नाही का!” चष्मीस पुटपुटली आणि वर्ग फिसकन हसला.

वाचकहो, खरं सांगा, तुम्हीही हसला असता की नाही? ज्याच्या चपलेचा अंगठा दोनदा शिवलेला, त्याच्या वहीत चांगलं वाक्य दिसलं की आपल्याला आधी चोरीच आठवते.

दुसऱ्या दिवसापासून भिंगरीची गुप्तहेरगिरी सुरू झाली. एकदा संशय डोक्यात शिरला की साधी शिंकसुद्धा इशारा वाटते! मौनी लिहिताना वहीवर हात आडवा धरायची. का? मधल्या सुट्टीत एका पत्र्याच्या डबीतून काहीतरी काढून वाचायची, ओठ हलवायची आणि कुणी जवळ आलं की झाकण बंद. का बरं?

“डबीत अख्खे निबंध असणार,” लंबूनं निकाल दिला.

“डबी एवढीशी, निबंध अख्खे? त्यांना काय पाण्यात भिजवून फुगवते का?” भिंगरी म्हणाली खरी, पण नजर डबीवरून हटेना.

बुधवारी पुरावा हाती लागला. मौनी घाईघाईनं प्रयोगशाळेकडे पळाली आणि तिच्या वहीतून एक कागद निसटून पडला. इंग्रजी वर्तमानपत्राचा तुकडा, एका बाजूनं सरळ, दुसऱ्या बाजूनं चंद्रकोरीसारखा गोल कापलेला. कडेला पेन्सिलीनं आकडे आणि मधोमध लाल रेघ. लाल रेघेवर तीनच शब्द होते, ‘केप्ट हर प्रॉमिस’!

“पकडली!” तिघी एकदम किंचाळल्या.

“आकडे म्हणजे कोडवर्ड असणार,” चष्मीस डोळे मोठे करून म्हणाली. “यामागे टोळी आहे, टोळी!”

भिंगरीनं तो तुकडा मॅडमच्या हातात नेऊन दिला. मॅडमनी लाल रेघ पाहिली आणि त्यांचा चेहरा कठोर झाला. स्पर्धेच्या यादीतलं पहिलं नाव त्यांनी खोडलं, त्याखाली भिंगरीचं लिहिलं. तुकडा परत भिंगरीकडे देत त्या म्हणाल्या, “हा जपून ठेव. शुक्रवारी तिच्या घरच्यांना बोलावते. मुख्याध्यापिकांसमोर दाखवावा लागेल.”

संध्याकाळी घरी नुसता आनंदीआनंद! बाबांच्या ऑफिसात एकदा बैठकीत ते इंग्रजी बोलताना अडखळले होते आणि टेबलाच्या पलीकडून कुणीतरी हसलं होतं. ते हसू बाबा अजून विसरले नव्हते. म्हणून तर भिंगरीला शहरातल्या सगळ्यात नावाजलेल्या इंग्रजीच्या क्लासला घातलं होतं. “क्लासचं चीज झालं!” ते चारचारदा म्हणाले.

“पण त्या मुलीचं काय गं झालं?” आईनं विचारलं.

“कॉपी पकडली तिची. मीच पकडली!”

“विचारलंस तिला?”

“चोराला कुणी विचारतं का, आई?”

 भाजी चिरता चिरता आईनं फक्त एकदा मान वर केली. भिंगरीला उगाचच टोचलं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर तिनं टोळीचा अड्डा शोधायचं ठरवलं. स्कर्टची उसवलेली किनार हे आयतं निमित्त होतं, कारण मौनी राहायची ती गल्ली शिंप्यांची. मौनी कपड्यांचं गाठोडं घेऊन एका दुकानातून कुठेतरी पोचवायला निघालेली दिसली, तसा भिंगरीनं मोका साधला आणि त्याच दुकानात शिरली.

दुकान म्हणजे एक अरुंद खोली. एक शिलाई मशीन, कापडाच्या चिंध्यांचा ढीग आणि लाकडी कटिंग टेबल. टेबलामागे गळ्यात टेप अडकवलेले एक आजोबा उभे होते. गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणायचे.

“ये बाळ. किनार उसवलीय होय? बस, दोन मिनिटांत टीप मारून देतो.”

भिंगरी स्टुलावर बसली. तिची नजर भिंतीवर गेली आणि तिथंच खिळली. खिळ्याला कागद टांगलेले होते. वर्तमानपत्रांचे कापलेले कागद! कुठं बाही, कुठं कॉलर, कुठं पाठ. कडेला पेन्सिलीनं आकडे.

“मास्तर, हे काय आहे?” तिनं बोट दाखवत विचारलं.

“गिऱ्हाइकांची मापं. कापडाला कात्री लावायच्या आधी कागदावर कापून बघायचं. कागद चुकला तर रद्दी, कापड चुकलं तर भांडण! इंग्रजी पेपरचा कागद जरा मोठा असतो, म्हणून रद्दीतून तोच आणतो.” मास्तरांनी एक कागद काढून दाखवला. “हा गोल दिसतोय ना, तो मुंढा. इथं बाही बसते.”

दप्तरातला तो चंद्रकोरीसारखा तुकडा भिंगरीच्या पाठीला चटका देऊ लागला. टोळी, कोडवर्ड, इशारे... सगळं एका बाहीत जाऊन बसलं!

“माझी नात वेडी आहे,” मास्तर मशीनचं चाक फिरवत म्हणाले. “कागदावर काय छापलंय ते वाचत बसते. कोणता इंग्रजी शब्द कुणाच्या शेजारी बसतो, ते बघून रेघ मारते, तुकडा कापते आणि तिकडे ठेवते. रोज त्यातले थोडे डबीत घालून शाळेत वाचायला नेते.” त्यांनी रिळांच्या जुन्या पेटीकडे बोट केलं. प्रत्येक खणावर एकेका शब्दाची चिठ्ठी होती. ‘मेक’च्या खणात ‘मिस्टेक’, ‘नॉइज’, ‘डिसिजन’. ‘टेक’च्या खणात ‘फोटो’, ‘रेस्ट’, ‘रिस्पॉन्सिबिलिटी’. ‘कीप’चा खण उघडा होता आणि त्यात एक जागा रिकामी. “मागच्या आठवड्यात तर एका गिऱ्हाइकाचा मुंढाच कापून नेला पोरीनं! मी आपला अंदाजानं बाही कापली. बाही झाली तोकडी, आणि गिऱ्हाईक हात वर करून म्हणतं, मास्तर, मी काय आता शरण आलोय का?”

भिंगरीला हसू आलं आणि लगेच रडू. “पण मास्तर, छापलेले शब्द उचलायचे म्हणजे चोरीच ना?”

मास्तरांनी मशीन थांबवलं.

“बरं, मला सांग. आपण गप्पा काय करतो?”

“मारतो.”

“शपथ?”

“घेतो.”

“नवस बोलतो, हाक मारतो, नजर ठेवतो. हे तू कुणाकडून चोरलंस?”

“चोरलं कुठं? लहानपणापासून ऐकत आलेय!”

“अगदी बरोबर! आपली भाषा घरात ऐकून मिळाली, तेव्हा कुणी पावती मागितली नाही. या पोरीच्या घरात इंग्रजी बोलणारं कुणी नाही. तिला जे कानावर पडत नाही, ते ती डोळ्यांनी गोळा करते. दोरा बाजारातूनच येतो बाळ, पण शिवण ज्याची त्याची असते. ती कुणी छापून देत नाही.” मग त्यांनी दोरा तोडला. “उद्या मला शाळेत बोलावलंय. कुणीतरी तिचा कागद पुरावा म्हणून दिलाय. ती मुलगी हुशार असणार, नजर बारीक आहे. फक्त एक टाका राहिला तिचा. तिनं विचारलं नाही. संशय कुणी आपल्याला आणून देत नाही गं, तो आपणच घेतो.”

भिंगरीनं तुकडा बाहेर काढला आणि पहिल्यांदाच तो पूर्ण वाचला. बातमी होती तुंबलेल्या गटाराची! नगराध्यक्षबाईंनी ते दुरुस्त करायचं वचन पाळलं होतं, एवढंच. आणि मौनीचा निबंध? एका आजारी मुलीला रोज भेटायला जाणाऱ्या मैत्रिणीचा. तीन शब्द सोडले, तर काडीचा संबंध नव्हता!

आणि मग तिच्या डोक्यात लख्ख काहीतरी पेटलं. आपला स्वतःचा निबंध! क्लासच्या सरांनी छापून दिलेले वीस निबंध तिनं घोकले होते. त्यातलाच सातवा चाचणीत उतरवला होता, स्वल्पविरामासकट! एक वाक्य तिचं नव्हतं. तरी एकानंही विचारलं नव्हतं. का विचारतील? तिचे बूट नवे होते, क्लास नावाजलेला होता. अरे देवा! चोर शोधायला गावभर फिरले आणि मुद्देमाल माझ्याच दप्तरात!

दारात मौनी उभी होती. तिनं भिंगरीला पाहिलं, हातातला तुकडा पाहिला. ओरडली नाही. फक्त म्हणाली, “तो परत देशील? आजोबांना ती बाही पुन्हा कापायचीय.”

“मीच दिला होता मॅडमना,” भिंगरी म्हणाली. “मला तुला विचारायला हवं होतं.”

“मग आता विचार ना.”

आणि भिंगरीनं विचारलं. पेटीतले खण एकेक करून उघडले गेले. मौनी इतकं बोलू शकते, हे भिंगरीला तेव्हा कळलं!

घरी पोचली तेव्हा बाबा फोनवर कुणाला तरी स्पर्धेची बातमी सांगत होते. ती समोर जाऊन उभी राहिली. आज पैज कुणीच लावली नव्हती.

“बाबा, फोन ठेवा ना. आई, तूही ये. मला एक प्रश्न विचारायचाय. माझे निबंध नक्की कोण लिहून देतं?”

बाबा गोंधळले. “म्हणजे? तूच लिहितेस.”

“मी नाही. क्लासचे सर लिहितात. मी नुसते पाठ करते. आणि जी स्वतः लिहिते, तिला मी चोर ठरवलंय. तिच्या पेटीत शब्द आहेत, माझ्या वहीत अख्खे चोरलेले निबंध!”

“सगळीच मुलं पाठ करतात,” बाबा म्हणाले. “उगाच मनाला लावून घेऊ नकोस. लोक हसतील!”

“तुम्हाला हसले होते ना बाबा, तेव्हा कसं वाटलं होतं? मौनीला भर वर्गात हसले. पहिला दगड माझा होता.”

बाबा खुर्चीत बसले. आईनं पुढे होऊन लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. “मग? काय ठरवलंयस?”

भिंगरीनं खोल श्वास घेतला.

“उद्या मी मुख्याध्यापिकांसमोर उभी राहणार. हा मुंढ्याचा कागद आणि क्लासचा छापील सातवा निबंध, दोन्ही शेजारी शेजारी ठेवणार आणि सांगणार, की यातलं काय चोरीचं आहे ते तुम्हीच बघा. यादीतून माझं नाव काढा, तिचं होतं तिथं लावा. मला शिक्षा झाली तरी चालेल, तिचा प्रवेश जाता कामा नये! दुसरं, उद्यापासून माझा क्लास बंद. शाळा सुटली की मी मास्तरांच्या दुकानात बसणार, पेपर वाचणार आणि माझा स्वतःचा पहिला खण भरणार. आणि आजपासून माझा एक नियम. दुसऱ्याच्या वहीवर संशय घ्यायच्या आधी प्रश्न विचारायचा, आणि पहिला प्रश्न स्वतःला!”

ती दाराकडे वळली, थबकली आणि मागे बघून म्हणाली,

“आणि बाबा, उद्या तुम्हीही यायचंय माझ्याबरोबर दुकानात. मास्तरांच्या पेटीत रिकामे खण पुष्कळ आहेत.”