बरगडीवरचा हात

"आईचं गाणं उडव. आणि तो बरगडीवरचा हात पोस्टरला घे," दादा म्हणाला.

दादा म्हणजे गायिकेचा सख्खा थोरला भाऊ आणि मॅनेजर. तिच्या दौऱ्याचा सिनेमा मी एडिट करत होते आणि तो माझ्या मानगुटीवर बसला होता.

शेवटच्या कार्यक्रमात तिने दादाने यादीतून खोडलेलं गाणं परस्पर म्हटलं होतं. बापाने आईला मारून मारून कसं संपवलं, त्याचं. मग ती कपडे बदलायला आत गेली आणि परत आली ती डावा हात बरगडीवर दाबूनच. पुढचं गाणं उडतं होतं. मागच्या नाचणाऱ्यांना वाटलं, ताईंनी नवी स्टेप काढली, त्यांनीही हात ठेवले. आता गल्लीबोळातल्या पोरी तशाच नाचतात. दादा भलताच खूश होता.

गालावरच्या माइकचं एक असतं. बाहेरचे स्पीकर बंद केले तरी रेकॉर्डिंग चालूच राहतं. हे दादाच्या गावीही नव्हतं. मी ते सकाळीच ऐकलं होतं आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलं होतं.

"हे पण उडवू का?" म्हणत मी आवाज मोठा केला.

"घरातलं चव्हाट्यावर आणतेस?" त्याचाच आवाज. मग धप्प. "दादा, नको." पुन्हा धप्प, पुन्हा, आणि काहीतरी कडकन मोडलं. बाहेर हजारो लोक तिच्या नावाने ओरडत होते. "डोळे पूस. हास आणि जा वर."

दादाने माझे केस धरून तोंड टेबलावर आपटलं. दात तुटून कीबोर्डवर पडला. "कोणी कोणी ऐकलंय हे?" पुन्हा आपटलं. मग त्याने हार्ड डिस्क उपटली.

शेजारच्या काचेच्या खोलीत गायिका दोन ओळी नव्याने गायला आली होती. माझ्याकडचं सगळं तिच्या हेडफोनमध्ये जात होतं. ती माइकचा स्टँड घेऊनच बाहेर आली. स्टँडचं लोखंडी बूड तिने आधी दादाच्या मनगटावर घातलं. डिस्क पडली. मग गुडघ्यावर. तो कोसळला.

"पिल्लू, अगं मी तुझा दादा."

"बाबाही आईला हेच म्हणायचे. मी तुझा नवरा."

तिने स्टँड त्याच्या बरगडीत घातला. तोच आवाज आला, ओळखीचा. मी तिला धरायला हवं होतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. तिने पुन्हा स्टँड उचलला, त्याच्या डोक्यावर धरला, आणि बाजूला फेकून दिला. तो हात डोक्यावर घेऊन रडत होता.

"गाणं राहू दे," ती मला म्हणाली. "त्याच्यानंतर पडदा काळा ठेव. आवाज तेवढा ठेव."

पहिल्या खेळाला मी दात पडलेल्या तोंडाने मागे बसले होते. आईचं गाणं संपलं तशा पोरी उठल्या, हात बरगडीवर ठेवून उडत्या गाण्याची वाट बघत. पडदा काळा झाला. दादा, नको. कडकन मोडल्याचा आवाज आला. मग उजेड आला, ती बरगडी दाबून धावत आली, ढोल वाजायला लागले, पण नाचलं कोणीच नाही. एकेक हात खाली गेला. पोरी गुपचूप बसल्या.

माझ्या पुढची एक मात्र बसली नाही. हात बरगडीवर तसाच दाबून तिने शेजारच्या सीटवरच्या माणसाकडे पाहिलं, पर्स उचलली आणि ती बाहेर चालायला लागली.